विडीचं सूप आणि आमचं पथनाट्य

कॉलेजच्या पर्यावरण गटात कुणाला काय काम द्यायचं, याची सरांची कसोटी एकच. बोलणं शुद्ध पाहिजे. मी होटगी गावची, माझं 'हाय-न्हाय' ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी. म्हणून मला ढोलकी दिली. माझी मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, आई विड्या वळणारी. तिला पाण्याच्या बाटल्या वाहायला दिल्या. आणि पथनाट्य करायचं कुठं? तर तिच्याच गल्लीत!

गल्लीमागच्या नाल्यात लोक कचरा टाकतात, त्यांना शहाणं करायचं होतं म्हणे. आमच्या नटांनी धरणीमातेच्या नावानं टाहो फोडला, मी ढोलकी बडवून हात सुजवून घेतले. उंबऱ्यात विड्या वळत बसलेल्या एकाही बाईनं मांडीवरच्या सुपातून मान वर केली असेल तर शपथ! सर म्हणाले, "यांना कशाचं काही पडलेलंच नाही." माझं डोकंच फिरलं. विडी वळल्याशिवाय जिची चूल पेटत नाही, तिनं तुमचं नाटक बघत बसायचं व्हय?

मैत्रिणीनं बाटल्या खाली ठेवल्या आणि एका अक्काशेजारी फतकल मारली. तिथली रीतच आहे. उंबऱ्यावर बोलायला बसायचं तर आधी पुढ्यात सूप ओढायचं, तेंदूचं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायला लागायचं. मोकळ्या हातानं येतो तो मतं मागणारा. ती वळत गेली, बाया बोलत गेल्या. मला तेलुगू कळत नाही, नंतर तिनंच सांगितलं. घंटागाडी सकाळी येते, तेव्हा बाया वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या असतात. तीच गाडी दुपारी आली तर नाल्यात कोण कशाला टाकेल?

झालं की काम! पण सर भडकले. कॉलेजचा टी-शर्ट घालून तंबाखूला हात लावते म्हणजे काय! महापालिकेच्या सात रस्त्याजवळच्या कचेरीत आमच्या गटानं साहेबांपुढं बोलायचं होतं, गाडीचं तिथंच ठरणार होतं. तिथं तिनं तोंड उघडायचं नाही, असं सरांनी बजावलं. ती हात जोडून म्हणाली, "सर, दुपारच्या गाडीचं तेवढं सांगते." सर म्हणाले, "तुझं मराठी ऐकून साहेब हसतील."

कचेरीत आमच्या वक्त्यानं अख्खी पृथ्वी वाचवली. साहेबांनी विचारलं, "गाडीची वेळ बरोबर आहे ना?" सर म्हणाले, "एकदम!" मी उठून ओरडले, "सकाळी बाया घरी नसत्यात की वो!" सरांनी डोळे वटारले, "खाली बस." साहेब तोवर चहाला उठलेसुद्धा. ठरलं काय, तर नाल्यावर पाटी लावायची. कचरा टाकल्यास दंड. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पाटी रंगवायला आम्ही परत त्याच गल्लीत. मराठीत लिहून झालं, आणि मग सरांना सुचलं की इथं हे वाचणार कोण! मैत्रिणीपुढं ब्रश धरून गोड आवाजात म्हणाले, "तू लिही बाळ, तुमच्या तेलुगूत."

पलीकडच्या उंबऱ्यात तिची आई विड्या वळत होती. मैत्रिणीनं एकदा तिकडं बघितलं.

"दंडाचं तुमीच लिवा, सर," ती म्हणाली. "मला गाडीचं सांगायचं होतं."

आणि कॉलेजच्या टी-शर्टातच आईशेजारी जाऊन बसली, सूप ओढलं आणि पान कातरायला घेतलं.