स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून पाहिलेली अमेरिका

नातसुनेने मला हे ब्लॉगचं पान उघडून दिलं आणि म्हणाली, "आजी, चौसष्ट साली तुम्ही अमेरिकेला गेला होतात ते लिहा, लोकांना उपयोग होईल." उपयोग कसला होणार? तेव्हाचे भाव गेले, रस्ते बदलले, मी जेवले त्यातली किती हॉटेलं अजून उभी असतील देव जाणे. तरी लिहिते. एक सल्ला आधीच देऊन ठेवते. परमुलुखात हॉटेलात शिराल तेव्हा खिडकीजवळची जागा मागू नका, स्वयंपाकघराचं दार दिसेल अशी मागा. बाहेरची शोभा कुठे पळून जात नाही. आत काय चाललंय ते मात्र बघितलेलं बरं.

मी तेव्हा मालवणला हायस्कुलात भूगोल शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. शिक्षकांना तीन आठवडे अमेरिकेतली शहरं दाखवायची अशी एक योजना निघाली आणि हेडमास्तरांनी माझं नाव पाठवलं. निवड झाल्याचं कळलं तेव्हा पहिली शंका आली की नावात घोटाळा झाला असणार. दुसरी अशी, की हे लोक आपल्याला फुकट कशाला नेतील? घरचे नको म्हणत होते. मी जाते म्हणाले, आणि त्याचं कारण भूगोल नव्हतं.

कारण होतं माझे भावोजी. माझी थोरली बहीण आका, तिचे यजमान परदेशी मालवाहू जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करायचे. मी निघाले त्याच्या आठ वर्षं आधी त्यांचं जहाज न्यूयॉर्क बंदरात लागलं, ते किनाऱ्यावर उतरले आणि परत चढले नाहीत. कंपनीने एवढंच कळवलं. मालवणात दोन तट पडले. अर्धे म्हणायचे बुडाले, अर्धे म्हणायचे मडम ठेवली. आकाच्या सासूने ग्रामदेवाला कौल लावला, तर उजवा कौल पडला, म्हणजे माणूस जिवंत. सासू खूश झाली. मी मात्र हिशेब मांडत बसले: देव चुकला असेल तर आका विधवा, आणि देव बरोबर असेल तर भावोजी नालायक. माझं मत भावोजींच्या विरुद्ध होतं. ते मी सासूच्या तोंडावर सांगायचे.

आका कुंकू लावायची, सासूचं सगळं करायची, आणि जेवताना एकदाच भात घ्यायची. पूर्वी तशी नव्हती, आम्हा भावंडांत तिचीच भूक मोठी. मला वाटायचं, सासू हात आखडता घेते. त्यावरून मी त्या म्हातारीशी सदा तिरकं बोलत आले.

ऑक्टोबरात बोटी चालू झाल्या होत्या. मालवणला मोठी बोट आत येत नसे, पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि जीव मुठीत धरून शिडी चढायची. आका धक्क्यावर पोचवायला आली होती. मी तिला हळूच म्हटलं, "भावोजी गावले तर कानाक धरून घेवन येतंय."

"तू कोणाक शोधू नको गो," ती म्हणाली. "बरी फिरान ये." मग पडाव सुटता सुटता वाकून म्हणाली, "दिसलेच तर रागान बोलू नको. जेवाण जाता काय, इतक्याच इचार."

मला असा संताप आला की मी मागे वळून हातही हलवला नाही. ज्याने हिला आठ वर्षं टांगून ठेवलं त्याच्या जेवणाची ही चौकशी करते. पण भावोजींचं जेवणाचं खूळ मोठं होतं हे खरं. तिरफळाशिवाय बांगडा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तिरफळ हे आमच्याकडचं रानफळ. सुकवायचं, काळं बी काढून टाकायचं आणि टरफल ठेचून माशाच्या आमटीत घालायचं. जीभ किंचित बधिर होते आणि माशाचा हिवसपणा, म्हणजे उग्र वास, जातो. भावोजी जहाजावर जाताना तिरफळाचा डबा भरून न्यायचे. डबा संपला की त्यांचं जेवण तुटायचं, आणि दर खेपेला हाडं वर आलेली घेऊन घरी यायचे.

मुंबईहून विमानाने न्यूयॉर्क आणि तिथून त्याच दिवशी बसने वॉशिंग्टन. बरोबर नागपूरच्या सुमतीबाई होत्या, गणिताच्या शिक्षिका, कट्टर शाकाहारी आणि स्वभावाने कोणावरही चटकन विश्वास टाकणाऱ्या. बसच्या मागच्या भागात संडास आहे असं कळल्यावर मी प्रवासभर पाण्याचा थेंब घेतला नाही. चालत्या गाडीतला संडास कुठे रिकामा होत असेल हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

वॉशिंग्टन देखणं आहे. रस्ते रुंद, इमारती पांढऱ्या, आणि स्मारकं एवढी थोरली की जवळ उभं राहिलं तर दिसत नाहीत, लांब जावं लागतं. संग्रहालयांना तिकीट नाही. "आत जाताना नाही म्हणजे बाहेर पडताना घेत असतील," मी सुमतीबाईंना बजावलं. बाहेर पडतानाही कोणी अडवलं नाही, तेव्हा मला जास्तच चमत्कारिक वाटलं. जेवण ट्रे घेऊन रांगेत सरकत सरकत घ्यायचं. पाणी न मागता पुढे येतं, आणि बाहेर थंडी असली तरी त्यात बर्फ. सुमतीबाईंनी पाव, लोणी, उकडलेला बटाटा घेतला. मी मासा घेतला. तो चौकोनी होता. डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही. आम्ही मासा घ्यायचा तो कल्ले उघडून, डोळे बघून. ज्याला तोंडच ठेवलेलं नाही त्याच्याबद्दल काय लपवलं असेल? खाल्ला. कापूस बरा.

स्वयंपाकघराचं झुलतं दार उघडलं की मी मान लांब करायची. न्यूयॉर्कात उतरलेला माणूस वॉशिंग्टनला येऊ शकतो, मीही त्याच दिवशी आले होते.

"तुम्ही सारखं तिकडे काय बघता?" सुमतीबाईंनी विचारलं.

"स्वच्छता," मी म्हटलं.

शिकागोला एका कुटुंबात उतरलो. नवरा-बायको दोघंही पोस्टात, भली माणसं. त्यांनी आम्हाला तळं दाखवलं. नकाशावर मी ते मुलांना किती वेळा दाखवलं होतं. प्रत्यक्षात पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, पण समुद्राचा वास नाही. मी बोट बुडवून चाखून पाहिलं, अगदी गोडं. उजेड असतानाच आम्हाला हॉटेलात जेवायला नेलं. हे मांस कुठल्या जनावराचं, असं मी तीनदा विचारलं आणि शेवटी कोंबडी मागवली. अख्खी अर्धी कोंबडी आली. उरलेलं त्या बाईने कागदी पिशवीत भरून घेतलं आणि म्हणाली, कुत्र्यासाठी. त्यांच्या घरी कुत्रा नव्हता. आम्ही दोन रात्री तिथे राहिलो होतो, भुंकणं नाही, साखळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान न्याहारीला ती कोंबडी खाताना दिसले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग न्यूयॉर्क. सुमतीबाईंची उंच इमारतींची यादी होती, माझी एकच गोष्ट होती आणि ती मी त्यांना सांगितली नव्हती. भुयारी गाडीला एक टोकन टाकलं की जवळ जा की लांब, सारखंच. अशी गाडी असल्यावर माणूस कुठे जाऊन राहिला हे कोणी कसं सांगणार? पुतळा बघायला फेरीबोटीने गेलो. सगळे पुतळ्याकडे बघत होते आणि मी मागे वळून बंदराकडे. जहाजं एकामागे एक, धक्क्यांना शेवट नाही, आणि त्यांच्या मागे ते गाव. घाटावरून खाली बघताना दरी डोळ्यांत मावत नाही तसं झालं. पहिल्यांदाच वाटलं की मी मूर्खपणा करते आहे. आकाला बढाई मारून आले, आणि इथे कुठल्या दाराकडे तोंड करून बसायचं?

दुसऱ्या दिवशी ज्या उपाहारगृहात गेलो ते बघायलाच हवं असं होतं. भिंतभर काचेची छोटी कपाटं, एकेकात एकेक पदार्थ. फटीत नाणी टाकायची, मूठ फिरवायची, दार उघडतं, बशी काढून घ्यायची. वाढपी नाही, गल्ल्यावर कोणी नाही. सुमतीबाई हरखून गेल्या. मी रिकाम्या झालेल्या कपाटापाशी उभी राहिले. थोड्या वेळाने मागून एक हात आला, नवी बशी ठेवून गेला. पुढच्या कपाटात दुसरा हात, सावळा. चेहरा नाहीच. आठ वर्षं भिंतीच्या मागे राहायला याहून सोयीची जागा कुठली? मी वाकून त्या काचेतून आत बघायला लागले, तशी मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "घ्यायचं नसेल तर सरका."

शेवटच्या संध्याकाळी चिनी वस्तीत गेलो. सुमतीबाईंना कोणीतरी सांगितलं होतं की तिथे भात मिळतो. अरुंद हॉटेल, भिंती तेलकट, स्वयंपाकघराचं दार आमच्या टेबलापासून दोन हातांवर. भात खरंच आला, सुमतीबाईंचे डोळे भरून आले. आणि मासा आला तो डोक्यासकट, डोळ्यासकट, शेपटीसकट. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी बिनधास्त घास घेतला.

जिभेला झिणझिण्या आल्या. मी तो घास तसाच धरून बसले. मग बोटाने एक टरफल बाजूला काढलं. उघडं तोंड, आत पोकळ. तिरफळ. हे आमच्या किनाऱ्याबाहेर कोणी स्वयंपाकात घालत नाही, अशी माझी पक्की खात्री होती. नागपूरच्या बाईलासुद्धा ते ठाऊक नव्हतं. मग इथे कोण घालणार?

मी उठले आणि सरळ ते दार ढकलून आत गेले. आत नुसती वाफ. "भावोजी," मी म्हटलं, "भायर येवा." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. कान धरायला आलेली बाई मी, आणि हाक मारली ती लहानपणी जेवायला बोलवायची तशी.

वाफेतून एक म्हातारा चिनी आचारी पुढे आला. त्याच्या मागे आणखी दोघं, तेही चिनीच. मी तळहातावरचं टरफल त्याच्यापुढे धरलं. त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आले. त्याने फळीवरून पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून माझ्या नाकाशी धरला. डबाभर तिरफळं, आमच्यापेक्षा लालसर. मागून आलेल्या पोऱ्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे त्यांच्या गावाकडे डोंगरात होतं, बापजाद्यांपासून माशात घालतात. इथे कोणी हिंदुस्थानी माणूस काम करतो का? नाही. कधी होता का? नाही. मी तरीही मागच्या दारापर्यंत जाऊन बघून आले. तिथे कांद्याची पोती होती.

मला रडू आलं. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे ठाऊक नसावं याची लाज नव्हती ती. भावोजी जिवंत असावेत असं मला किती वाटत होतं हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्या म्हाताऱ्याने काही न विचारता मूठभर टरफलं कागदात बांधून दिली.

मुंबईला जकातवाल्याने माझी बॅग उलटीपालटी केली. घड्याळ नाही, ट्रान्झिस्टर नाही, याचाच त्याला संशय आला. पुडी उघडून त्याने वास घेतला आणि ऑफिसचं मराठी विसरला. "बाय, तिरफळां? अमेरिकेसून?" तो आमच्याच बाजूच्या बांद्याचा निघाला. मान हलवत त्याने पुडी परत बांधली.

मालवणला पोचल्यावर मी तशीच आकाकडे गेले. सासू मागच्या दारी बांगडे साफ करत होती. पुडी आकापुढे ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. भावोजी दिसले नाहीत, त्यांना पाहिलेलं कोणी भेटलं नाही. आकाने एक टरफल दाताखाली धरलं.

"आमच्यावरी नाय," ती म्हणाली. "पण तिरफळच. न्यूयॉर्कात गावता ह्यां?"

"चिन्यांच्या वस्तीत गावता."

"कोणाक पण?"

"पैसे दिले तर कोणाक पण."

"बंदरापासून लांब आसा ती वस्ती?"

"नाय. चलत जावक येता."

तिने पुडी नीट मिटली. "मगे बरां झालां," ती म्हणाली. "तेंका जेवाण गेलां आसतलां."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिरफळ मिळतं म्हणून माणूस तिथे असेल कशावरून, असेल तर मग तो आलाच का नाही. सगळ्या शंका मी गिळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

लोक विचारतात, अमेरिकेतलं काय लक्षात राहिलं? इमारती राहिल्या नाहीत. तो पुतळाही मी धड पाहिला नाही. राहिली ती त्या दुपारची पंगत. आकाने त्या चिनी तिरफळांचं बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत जाडसर कालवण, केलं आणि आम्ही तिघी जेवायला बसलो. आकाचा पहिला भात संपला, आणि मी सवयीने सासूचा आखडता हात पकडायला मान वर केली. म्हातारीच्या हातात डाव होता, भाताने भरलेला, आकाच्या पानावर धरलेला. तो रोजच तसा येत असणार, आणि आका रोजच पानावर हात आडवा धरत असणार. मी आजवर फक्त पान बघत आले होते.

त्या दुपारी आकाने हात आडवा धरला नाही. पान पुढे सरकवलं आणि म्हणाली, "वाढा."