चांगल्या रस्त्याखालची ओल

मी ‘रस्ता चांगला’ असा शेरा लिहीत होते, तेवढ्यात बाजूच्या दारातून एका बाईंनी हाक मारली. “म्याडम, रस्ता लिहून झाला असंल तर माझी भिंतबी बघा.”

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या एका गावात मी पालिकेची ज्युनिअर इंजिनिअर होते. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांची पाहणी माझ्याकडे होती. रस्ता, नाली आणि पाण्याची लाइन यांना वेगवेगळा शेरा द्यायचा. निधी थोडा होता, त्यामुळे जिथं परिस्थिती खराब तिथलंच काम आधी होणार होतं. रस्ता आणि नाली डोळ्यांना दिसते. लाइन जमिनीखाली असते. तिचं वय आणि लोकांच्या तक्रारी बघून अंदाज बांधायचा. या गल्लीतून एकही तक्रार नव्हती आणि वर नवाकोरा सिमेंट रोड होता.

बाईंचं नाव शेवंताबाई. त्यांच्या मागोमाग मी आत गेले. आमच्या ऑफिसातले बाकीचे लोक रस्त्यावरूनच पाहणी करत. मी बाई असल्यामुळे मला थेट स्वयंपाकघरापर्यंत बोलावणं यायचं. शेजारच्या घराला लागून असलेली मातीची भिंत कमरेपर्यंत काळी पडली होती. पोपडे हाताला लागून गळत होते. कोपऱ्यात फरशीवर पाणी झिरपत होतं.

भिंतीपलीकडे पार्वतीबाईंची न्हाणी होती. तिचंच पाणी मुरतं, असं शेवंताबाईंचं ठाम मत. दोघींचं माहेर शिरड शहापूरचं, लग्नाआधीपासूनच्या मैत्रिणी. या ओलीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. पार्वतीबाईंच्या लेकीच्या लग्नाला भिंतीअलीकडून कुणी गेलं नव्हतं.

मी पार्वतीबाईंकडेही गेले. त्यांची न्हाणी कोरडी, पक्की, उतार बरोबर. त्या म्हणाल्या, “तिला दाखवायला दोनदा फोडून बांधली. तरी म्हनती, मी मुद्दाम करून राहिले.”

परत येऊन मी शेवंताबाईंना विचारलं की ओल कधी जास्त वाटते. त्यांनी जरा आठवून सांगितलं, “नळ आले की त्या दिवशी.”

न्हाणी तर रोजच वापरात होती. नळ मात्र एक दिवसाआड येत. मला लाइनचा संशय आला. ती बीडाची होती, म्हणजे ओतीव लोखंडाची, फार जुनी. असा जॉइंट गळला की पाणी एरवी रस्त्यावर दिसतं. इथं वर काँक्रीट. वाट न मिळाल्यानं ते आडवं घरांच्या पायाकडे जात असणार.

खात्री करायला हनीफभाईंची मदत घेतली. ते आमचे वॉलमन, म्हणजे लाइनचा व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारे. या गल्लीची एक पाळी बंद ठेवायला मी त्यांना सांगितलं आणि तिथं टँकर पाठवला. दोन्ही घरांना सांगितलं, आंघोळी-धुणी नेहमीसारखी करा. कोपऱ्यातलं झिरपणं थांबलं. पुढच्या पाळीला व्हॉल्व्ह उघडला आणि ते पुन्हा सुरू झालं.

आता लाइनला ‘खराब’ असा शेरा द्यायचा होता. मुख्याधिकारी साहेब माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “नवा रोड आहे. तो फोडायचा? लाइनला मध्यम लिहा. पुढच्या निधीत बघू.”

मी त्यांना दुसरी अडचण सांगितली. लाइनमध्ये पाणी असतं तेव्हा ते बाहेर गळतं. लाइन रिकामी झाली की त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आणि लाइनला लागूनच नाली वाहते. “सर, ते पाणी लेकरं पितात. मध्यम लिहून मी सही करणार नाही.”

त्यांनी विचारलं, “खोदताना लोकांसमोर कोण उभं राहणार?”

“मी राहते.”

रोड फोडला तेव्हा मी उभी राहिले आणि लोकांची बोलणी खाल्ली. चांगला रस्ता उकरणारी बाई, असं नाव पडलं. शेवंताबाईंच्या ओट्यासमोरच जॉइंट निघाला. सांधा बुजवणारं शिसं झिजून गेलेलं, भोवतालची माती चिखल झालेली. खड्ड्याच्या एका काठाला शेवंताबाई, दुसऱ्या काठाला पार्वतीबाई. दोघींनी वाकून पाहिलं. एकमेकींकडे पाहिलं नाही.

गल्लीत नवी लाइन पडली. उन्हाळ्यात भिंत वाळली. मी बघायला गेले तेव्हा शेवंताबाईंनी चहा दिला. मी विचारलं, आता बोलता ना? त्या कपाकडे बघत म्हणाल्या, “न्हाई. पानी पाइपाचं व्हतं, म्याडम. तिला जे बोलले ते मीच बोलले. आता कोन्या तोंडानं जाऊ?”

मी म्हटलं, त्याच तोंडानं जा. त्या हसल्या नाहीत. पुढे माझी बदली झाली. त्या गेल्या की नाही, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी गल्लीची पाहणी घरातून सुरू करते आणि रस्ता शेवटी बघते. गळती उशिरा सापडली की किती पाणी वाया गेलं त्याचा हिशेब लावता येतो. बाकीचं इस्टिमेटमध्ये धरायला आमच्याकडे रकानाच नाही.