झोपाळ्यावरची सायकल

फोनवर विनायकचं नाव दिसलं. उचलला तर नेहमीसारख्या धापा ऐकू आल्या. मीही नेहमीसारखं म्हटलं, “घे बाबा, आधी दम घे.” पण पलीकडून आवाज आला तो विनायकचा नव्हता. “मी कामत बोलतोय... विनायकराव गेले. पहाटे, झोपेतच... बोटीवर.” या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या क्षणी दुःखाच्या आधी मला राग आला. ज्याच्याशी माझी बालवाडीपासूनची दोस्ती, तो गेल्याचं मला काल-परवा उपटलेल्या माणसाने सांगावं? आणि शेवटचं जेवण त्याने या कामतांच्या हातचं जेवावं?

विनायक म्हणजे आमचा विन्या. आमच्या दोघांचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये, त्यामुळे नाशिक रोडच्या कॉलनीत आमची घरं समोरासमोर होती. तेव्हा तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. तो सीटवर, मी मागे कॅरिअरवर. अर्ध्या तासाने अदलाबदल करायची असं ठरलेलं असायचं, पण मनगटी घड्याळ फक्त त्याच्याकडे असल्याने माझा अर्धा तास कधी उजाडलाच नाही. पुढेही तसंच. त्याला गणित यायचं, मला यायचं नाही. त्याच्या लग्नात मांडव कोरडा राहिला, माझ्या लग्नात अवकाळी आला. तो प्रेसमध्ये मशीनवर लागला आणि मी विम्याच्या कचेरीत फायली सरकवत बसलो. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो वाटतो हे त्याला ठाऊक होतं. “तुझ्याशिवाय माझं कौतुक इतकं मनापासून कोण करतं?” असं वर म्हणायचा.

वहिनी गेल्या, मुलगी पुण्यात संसाराला लागली, आणि निवृत्त झालेल्या विन्याला गंगापूर धरणाच्या पाण्यात शिडाची होडी चालवायचं खूळ लागलं. एकदा मला घेऊन गेला. बोट लागते म्हणतात ती समुद्रात. मला धरणात लागली. संथ पाण्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, मी सकाळचे पोहे परत केले. विन्या हसून हसून होडीतच आडवा झाला. तिथेच त्याला कामत भेटले. जन्म जहाजावर काढलेले, मूळचे देवगडकडचे. वर्षभरात दोघांनी मिळून कोकणात एक जुनी शिडाची बोट घेतली. दिवाळीनंतर निघायचं, दाभोळपासून विजयदुर्गापर्यंत बंदरं करत हिंडायचं आणि पावसाळ्याआधी बोट वर काढायची, असा बेत. बोटीत छोटं स्वयंपाकघर होतं आणि झोपायच्या जागा दोनच. दुसरी कुणाची हे मी विचारलं नाही. विचारून काय, ओकाऱ्या काढायला जाणार होतो?

पण एक काम मात्र माझ्या वाट्याला आलं. बंदराला लागल्यावर गावात फिरायला काहीतरी चाक हवं, आणि ते बोटीत मावायला हवं. बाकड्याखालच्या कप्प्याचं माप विन्याने सुतळीने आणलं होतं. त्याने द्राक्षांची पाच-सहा खोकी कापून, चिकटपट्टी लावून, त्या मापाचं एकच मोठं खोकं बनवलं. ते खोकं घेऊन आम्ही रिक्षाने नाशिकभर दुकानं पालथी घातली. दुकानदार वजनाचं, किमतीचं सांगायला लागला की विन्या म्हणायचा, “ते राहू द्या. आधी यात घालून दाखवा.”

लाथ मारत पळवायची ती दोन चाकांची स्कूटर आम्ही इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालवून पाहिली. बासष्टीचे दोन बाप्ये त्यावर पाहून बायका चालायच्या थांबल्या. विजेवर चालणारी घ्यावी तर बॅटरी जड आणि खाऱ्या हवेत तिचा भरवसा नाही. उरली घडीची सायकल. तिच्यातही छोट्या चाकांची खोक्यात मावायची पण खड्ड्यात दात खिळखिळे करायची. मोठ्या चाकांची छान पळायची पण खोक्याचं झाकण लागायचं नाही. मी प्रत्येकीत खोड काढत होतो. जोवर सायकल ठरत नाही तोवर विन्या नाशिकात, एवढा साधा माझा हिशेब. त्या दोन महिन्यांत कामतांचं नावही निघालं नाही. इतका सुखी मी माझ्या लग्नातही नव्हतो.

मग विन्याला शंका आली. बोट नांगरावर असते, किनाऱ्याला जायचं तर सायकल लहान होडीत उतरवावी लागते, आणि दोन्ही हलत असतात. हलत्या फळीवर उभं राहून ती उचलता येईल का? नाशिकात समुद्र कुठून आणायचा? तर आमच्या गॅलरीत हिचा शिसवी झोपाळा आहे. विन्या सायकल घेऊन त्यावर उभा राहिला आणि मला म्हणाला, “हं, दे झोका.” मी दिला. “असा नाही रे, तळ्यातला दिलास. समुद्राचा दे.” मी जोर केला. तो एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने सायकल खाली माझ्याकडे देतोय, मी झोपाळा सांभाळू की सायकल, आणि स्वयंपाकघरातून ही ओरडतेय, “भावजी, कड्या निखळतील हो!” असं आठवडाभर चाललं. दुकानदार ओळखीचा झालेला, तो रोज नवी सायकल द्यायचा. शेवटी विन्याने एक निवडली. मावायला बेताची, वजनाला थोडी जास्त, पण सहा गिअरची. मी म्हटलं, “बंदरावर सपाट रस्ता. गिअर कशाला? उगाच वजन.” तो म्हणाला, “लागतील.” झाकणावर गुडघा दाबून त्याने खोकं बंद केलं. दिवाळी झाल्यावर तो सायकल घेऊन कोकणात गेला. रिकामं खोकं आमच्याच गॅलरीत राहिलं.

मग फोन सुरू झाले. प्रत्येक फोनची सुरुवात धापांनी. “थांब... दम घेऊ दे...” मग सूर्यास्त, मग डॉल्फिन, मग कामतांनी केलेलं सुरमईचं कालवण. मी वरण-भातासमोर बसून ऐकायचो. “चैन आहे लेका तुझी,” म्हणायचो, आणि फोन ठेवल्यावर हिच्यावर उगाच खेकसायचो. हा माणूस सायकल दामटत गावभर उंडारतो आणि वर मला ऐकवतो, असंच मला वाटायचं.

परवा कामत आले. पांढरी दाढी, काळे हात, हातात घडी घातलेली सायकल. “मुलीला विचारलं. म्हणाली, काकांकडेच द्या,” म्हणाले. चहा झाला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “बाजारहाटाला बरी पडली असेल.”

“बाजाराला?” कामत म्हणाले. “छे हो. भाजी, मासळी सगळं जेट्टीवर मिळतं. मी कधी हातसुद्धा लावला नाही तिला. खाडीत बोट आत घेतली की फोनची रेंज जाते. ती येते वर डोंगरावर, सड्यावर. नांगर टाकला की हा माणूस सायकल घेऊन पसार. एवढा चढ! मी भात झाकून बसायचो. विचारलं तर म्हणायचे, नाशिकला रिपोर्ट द्यायचाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “खरं सांगू का? मला तुमचा राग यायचा. दिवसभर एका बोटीवर मी, आणि बोलणं सगळं तुमच्यासाठी राखून ठेवलेलं...”

इतकी वर्षं हेवा करण्याचा मक्ता माझ्याकडे होता. माझाही कुणी करत असेल हे मनात आलं नव्हतं. ऐकून रडू आलं, आणि लपवत नाही, गुदगुल्याही झाल्या.

कामत गॅलरीत गेले. “हाच तो झोपाळा?” मी मान हलवली. म्हणजे विन्याने तेही सांगितलं होतं. “बसू का जरा?” मी म्हटलं, बसा की. ते बसले, पाय जमिनीला टेकवून, माझ्याकडे बघत. झोका मात्र मी दिला नाही.

ते गेल्यावर मी सायकल खोक्यात घालून पाहिली. झाकणावर गुडघा दाबावा लागतो, पण मावते. मग पुन्हा बाहेर काढून झोपाळ्यावर ठेवली. ही म्हणते, मी बसायचं कुठे? चार दिवस थांब, म्हटलं.

काल संध्याकाळी फोन वाजला. कामत होते. बोट खाडीत होती आणि सायकल माझ्याकडे, म्हणजे सड्यावर पायीच चढले असणार. “थांबा...” ते म्हणाले, “दम घेऊ द्या...”

हे वाक्य विन्याचं होतं. यांना कुणी दिलं, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी झोपाळ्याची कडी धरली आणि थांबलो.