तिच्या पाठीतले चार स्क्रू

त्या दिवशी दुपारी मी आणि बायकोनं गोधड्यांच्या घड्या घातल्या. थंडीचे दिवस, सकाळपासून गच्चीवर उन्हात टाकल्या होत्या. गोधडीची घडी एकट्यानं नीट होत नाही. वरची टोकं ती धरायची, वाकून खालची मी उचलायचो, कारण तिला कंबरेत वाकता येत नव्हतं. माझ्या हातून एक टोक सुटलं तशी म्हणाली, "मनी पाठमा सळ्या शेतस. तुम्हना हातमा काय शे, लोनी?"

मी चहा ठेवायला खाली गेलो. दोन कप घेऊन वर आलो तर ती गोधड्यांच्या ढिगाला टेकून बसलेली. चहा घे म्हटलं. पुन्हा म्हटलं. ती गेली होती. गावच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं.

तिच्या पाठीतल्या सळ्यांचं सांगतो. जन्मभर डाळ मिलमध्ये पोती उचलली मी, आणि मणका सरकला तिचा. चार पावलं चालली की पाय जड व्हायचे, रस्त्यात मटकन बसायची. सहा वर्षांपूर्वी नशिराबादहून तिला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं टेबलावर प्लास्टिकचा कणा ठेवला. दोन मणक्यांत चार स्क्रू, त्यांना दोन बाजूंनी दोन सळ्या. म्हणाला, "या सळ्या नुसत्या धरून ठेवतील. जुळायचं काम हाडच करणार." मला समजलं एवढंच, की आत लोखंड जाणार. कागदावर सही केली.

घरी आल्यावर मी तिचं ताक बंद केलं. चिंच, लिंबू, कैरीचं लोणचं, सगळं बंद. लोखंडाला आंबट लागलं की गंज चढतो, हे घरातल्या तव्यावरून कोणालाही माहीत असतं. वर्षभर बाईनं फिकं खाल्लं. तपासणीला गेलो तेव्हा तिनं डॉक्टरला विचारलं, "आता तरी ताक पिऊ का?" सगळं ऐकून डॉक्टर एवढा हसला की चष्मा काढून डोळे पुसले. ते लोखंड नव्हतंच. टायटॅनियम म्हणतात, त्याला गंज लागत नाही. बाहेर आल्यावर स्टँडवर ती माझ्यासमोर दोन ग्लास ताक प्यायली आणि म्हणाली, "आता बोला." त्यानंतर ती रोज बाजारापर्यंत पायी जायची.

आमची पोर पारोळ्याला दिलेली. पुढे तिचाही मणका सरकला. पायातली चप्पल निघून मागं राहिली तरी तिला कळेना. त्याच डॉक्टरनं सांगितलं, उशीर केला तर पाय जाईल. पोर घाबरत होती. आईनं तिला तयार केलं, भरती व्हायची तारीख घेतली. त्या तारखेला तीन दिवस राहिले असताना आई गेली.

पोरीची सासू दारावर आली, रडली, आणि डोळे पुसून पहिलं हेच बोलली, "आबा, तुमच्या बाईला त्या लोखंडानंच खाल्लं. माझ्या सुनेच्या पाठीत मी ते घालू देणार नाही."

पोर खाली मान घालून बसली. जावई आईपुढे बोलेना. मलाही आतून तेच वाटत होतं. सही माझी होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. आमच्या मुलानं दूध-पाणी शिंपडलं, आम्ही अस्थी वेचू लागलो. मुलाच्या हाताला सळ्या लागल्या तसा त्यानं हात मागं घेतला. माझा चुलतभाऊ म्हणाला, "टाक बाजूला. तापीवर अस्थी न्यायच्या, भंगार नाही."

"भंगार कोणाला म्हणतो रे?" मी म्हटलं आणि खाली बसलो.

राख फुंकली. सळ्यांवर निळसर पांढरी झाक आली होती. चारही स्क्रू जागच्या जागी. मधे हाडाचा एक तुकडा अजून धरून होता, दोन मणक्यांचा मिळून एक झालेला. मी जोड शोधला, सापडला नाही. एक स्क्रू बोटांनी फिरवून पाहिला, हलला नाही. हृदयाचं मला काही कळत नाही. पण पाठीनं तिला दगा दिला नव्हता, हे कळायला मला कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. हाड सोडवून मडक्यात ठेवलं, सळ्या उपरण्यात बांधल्या.

घरी नळाखाली धुतल्या आणि विहीणबाईंपुढे ठेवल्या. त्या मागं सरकल्या.

"स्मशानातलं घरात आणलं? आबा, डोकं फिरलं तुमचं!"

"फिरलंच आहे. हातात धरून बघा."

"मी नाही धरत बाई."

पोरीनं उचललं. बराच वेळ बघत राहिली. मग सासूला म्हणाली, "बांगडीपेक्षा हलकं शे हे."

तेव्हा विहीणबाईंनी हात पुढे केला. तळहातावर तोललं, उलटंपालटं केलं. "बस? एवढंच?"

"एवढंच. यावर ती रोज बाजारात जायची."

त्यांनी ते जपून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पण सुतक आहे. दहावा होऊ द्या, मग बघू."

"हिचा पाय दहाव्यापर्यंत थांबणार आहे का? पिंडाला कावळा शिवला नाही तर कावळ्याची समजूत मी काढीन. पाय मेला तर कोणाची काढू?"

कोणी हसेना. मग विहीणबाईच तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यांच्यामागे पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद दारात उभे. सुतकात गाव सोडू नये म्हणाले. मी म्हटलं, दोष लागला तर मला लागू द्या, माझं वय झालंय. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, पोरीला घेऊन हायवेवर उभा राहिलो. पोरीची पिशवी विहीणबाईंच्या हातात होती. आधीच घरी गेलेला जावई पारोळ्याला गाडीत चढला. धुळ्याला दवाखान्यात सासू आणि नर्स पोरीला धरून आत गेल्या, आणि मी खिडकीपाशी गेलो. तिथल्या बाईनं भरतीचा कागद पुढे केला. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "बाबा, कोणाकडून तरी भरून घ्या."

म्हटलं, भरतो की. चौथी शिकलोय, पोरीचं नाव येतं मला. एकेक अक्षर काढत बसलो. मागं रांग खोळंबली. खोळंबू दिली.