वीस ठिपक्यांखाली

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. पुढे काउंटरवर मी असतो. सोळा वर्षं आम्ही एका छपराखाली काम करतोय, आणि त्यातली पंधरा मी त्यांची चेष्टा करण्यात घालवली. मेहुण्याचा तो हक्कच असतो. गेल्या वर्षापासून मात्र ती करवत नाही.

भाऊजींना ना पान ना तंबाखू, नाद एकच: फोनवर गोष्टी ऐकायचा. काच घासायचं यंत्र घरघरत असायचं आणि त्यांच्या एका कानात कुणीतरी गोष्ट सांगत असायचं. त्यात एक लांबलचक मालिका होती. दोन बहिणी. पहिल्याच भागात धाकटी भांडून नावेत बसते आणि निघून जाते. पुढचे चाळीस भाग थोरली तिची वाट बघते. धाकटी परत येते की नाही, एवढाच काय तो प्रश्न, पण त्यावर चारशे माणसं जीव टाकत होती. त्या चारशेंचा एक ग्रुप होता आणि भाऊजी तो चालवत. ग्रुपवर त्यांना सगळे 'जेलर' म्हणायचे.

नाव उगाच पडलं नव्हतं. वर्गणी भरणाऱ्यांना शेवटचे भाग महिनाभर आधी ऐकायला मिळत, म्हणून शेवट फोडायचा नाही हा पहिला नियम. अगदीच पोटात राहत नसेल तर आधी इशारा द्यायचा, मग एकाखाली एक वीस ठिपके टाकायचे आणि त्यांच्या खाली काय ते लिहायचं. ज्याला नको असेल तो ठिपक्यांपाशी थांबतो. आणि जो थांबला त्याला पुढचं कुणी, कधीही सांगायचं नाही. एकाने अठराच ठिपके दिले म्हणून भाऊजींनी त्याला आठ दिवस बाहेर बसवलं होतं. "काचेचा नंबर चुकला तरी तुम्ही एवढे तापत नाही," मी म्हणायचो. "काच बदलून देता येते रे," ते म्हणायचे.

तरी खासगीत गळ घालणारे होतेच. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणी परदेशी निघालेलं. "मला एकट्याला सांगा, कुणाला बोलणार नाही." अशांसाठी भाऊजींनी एक खोटा शेवट तयार ठेवला होता. धाकटी येत नाही, थोरली दार लावून घेते, संपलं. ते लोक हा शेवट गावभर करत आणि खरा शाबूत राही. ही युक्ती त्यांची स्वतःची, आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

ग्रुपवर एक बाई होत्या. स्वतःच्या चेहऱ्याऐवजी त्यांनी एका खिडकीचा फोटो लावला होता, म्हणून त्या 'खिडकीवाल्या ताई'. बोलायच्या कमी, पण दर भागानंतर दोन ओळी लिहायच्या, आणि त्या नेमक्या थोरलीच्या बाजूने. एका दुपारी त्यांचा भाऊजींना खासगी निरोप आला. "माझ्याकडे महिना नाही. धाकटी येते का, तेवढंच सांगा."

भाऊजींनी तो मला वाचून दाखवला. "बघ, आता महिनाच नाही म्हणे. रोज नवीन कारण!" मी हसलो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर पुष्कळदा मनात आलं की आपण तेव्हा नुसतं 'खरंच असेल तर?' एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "द्या टोपी घालून." भाऊजींनी इशारा दिला, वीस ठिपके मोजून टाकले आणि खाली खोटा शेवट लिहिला.

थोड्या वेळाने ताईंचा आवाजी निरोप आला, नऊ सेकंदांचा. "खाली गेले, वाचलं. बरं झालं सांगितलंत. मी उगाच फोन करायचं मनात आणत होते." मागे कसलंतरी यंत्र ठरावीक लयीत टिकटिकत होतं. कुणाला फोन, कसला फोन, आम्ही विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं आणि मी पुढे गेलो.

महिन्याने शेवटचा भाग सगळ्यांसाठी खुला झाला. धाकटी नावेतून उतरते आणि थोरलीने दार उघडंच ठेवलेलं असतं. ग्रुपवर आनंदीआनंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नवीन बाई ग्रुपवर आल्या. त्यांनी लिहिलं होतं, "मी खिडकीवाल्या ताईंची धाकटी बहीण. ताई तीन आठवड्यांपूर्वी गेली. आमची अकरा वर्षं बोलाचाल नव्हती. ती शेवटी ही गोष्ट ऐकायची आणि या ग्रुपवर तिला खिडकीवाल्या ताई म्हणतात, असं नर्सबाईंनी सांगितलं. तिने माझा नंबरही मिळवला होता म्हणे, पण फोन केला नाही. तिचा मोबाइल कुणाला उघडता येत नाही. मीही हीच गोष्ट ऐकत होते. शेवट गोड झाला तर फोन करायचा असं ठरवलं होतं. ताईला शेवट कळला होता का?"

लोकांनी हळहळून लिहिलं, "जेलरना विचारा, त्यांना ठाऊक असेल."

भाऊजी उठून मागच्या खोलीच्या दारात आले. हातात फोन आणि अर्धी घासलेली काच. "मी त्या ताईंना काय सांगितलं, आठवतंय ना तुला?" एवढंच म्हणाले.

त्या रविवारी ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, दोघांनाही समोर बसवलं. "सांगून टाका. शिव्या घालेल, घालू दे. पण बहिणीने फोन का केला नाही हा प्रश्न घेऊन ती जन्मभर बसेल." भाऊजींनी मान हलवली. मग एक तास खपून त्यांनी निरोप लिहिला. वर एवढंच: "तुमच्या ताईंना शेवट मी सांगितला होता. कसा सांगितला ते खाली आहे. वाचायचं नसेल तर इथेच थांबा." त्याखाली वीस ठिपके. आणि त्याखाली सगळं, काहीही न लपवता, माझ्या हसण्यासकट.

"ठिपके कशाला?" ताई चिडली. "सरळ लिहा की!"

"वाचायचं की नाही ते तिला ठरवू दे," भाऊजी म्हणाले. आणि त्यांनी निरोप पाठवून दिला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "मी इथेच थांबते. खालचं नको. तुम्ही सांगितलंत, म्हणजे मी येणार हे ताईला माहीत होतं. मला एवढंच हवं होतं. तुमचे फार उपकार आहेत."

"फोन करा तिला," ताई म्हणाली. भाऊजी म्हणाले, "ती थांबली आहे." मला त्या माणसाचा संताप आला. नियमाच्या आड लपताय, असं मी तोंडावर बोललो. आता वाटतं, कदाचित लपत नसतील. आमच्या दोघांच्या हसण्यापायी एका बहिणीचा जीव आशा सोडून गेला, आता दुसरीचं उरलंसुरलं समाधान कोणत्या तोंडाने हिसकावायचं? आणि तरीही ते उपकार रोज खोट्याने घ्यायचे. दोन्हीकडून आमचं मरण.

ग्रुप त्यांनी दुसऱ्याला सोपवला. गोष्टी ऐकणं बंद केलं. काचेचा नंबर तपासायच्या यंत्रात डोळा लावला की आत हिरव्या ठिपक्यांचं एक कडं दिसतं. पूर्वी ते निमिषभर बघून आकडा सांगायचे. आता डोळा लावून बसून राहतात, आणि मला हाक मारावी लागते. कधी काच घासायचं यंत्र बंद असलं की आतून तो नऊ सेकंदांचा आवाज ऐकू येतो. "बरं झालं सांगितलंत." मी गिऱ्हाइकाशी मोठ्याने बोलू लागतो.

परवा मी त्यांना म्हटलं, तो ठिपक्यांचा निरोप पुसून टाका, या ॲपवर कितीही जुना निरोप तिच्याकडचाही पुसता येतो. ते म्हणाले, "तो तिचा आहे."

तो अजून तिच्या फोनमध्ये आहे, वीस ठिपक्यांखाली. कधीतरी जुनं चाळताना तिचा अंगठा जरा पुढे सरकेल. दुकानात फोन वाजला की आम्ही दोघंही हातातलं काम थांबवतो, आणि तो कुणी उचलायचा ते आधी एकमेकांकडे बघून ठरवतो.