धायरीचं लवण

वेबसाइटची नावं विकत घेऊन देण्याच्या धंद्यात मी सिंगापूरपर्यंत फिरलो, पण धायरीच्या त्या गृहस्थांइतका माझा अंत कुणी पाहिला नाही. एका परदेशी कंपनीला हवं असलेलं ‘लवण’ हे नाव त्यांनी घेऊन ठेवलं होतं. वेबसाइटवर मात्र एक ओळसुद्धा नव्हती. दर खेपेला ते चहा पुढे करायचे आणि नकारार्थी मान हलवायचे.

शेवटी मी वैतागलो. “अहो, वापरत नाही, तर अडवून का ठेवलंय?”

त्यांनी गॅलरीतून समोरच्या इमारतींकडे बोट केलं. “तिथं आमचं खोलगट वावर हुतं. लवण म्हनायचे त्याला. वावर इकलं, बिल्डरनं इंग्रजी पाटी लावली. नाव तेवढं माझ्याकडं हाय.”

कंपनीनं कारण विचारलं. मी कळवलं, ‘जागा रिकामी नाही.’