शोभाच्या धंद्याचे बारसे

देवळाच्या गाभाऱ्यात समईची काजळी कोणी मुद्दाम आणून लावत नाही. रोज दिवा लागतो, रोज थोडी बसते, आणि एके दिवशी एखादा पाहुणा वर पाहून विचारतो, "इतकी काळी कशी हो झाली ही भिंत?" किश्शांचेही तसेच आहे. घडताना एकही आपल्याला किस्सा वाटत नाही. पुढे कोणीतरी हसून म्हणतो, "आबाजी, ते वैकुंठाचं सांगा ना!" आणि मग कळते की भिंत बरीच काळी झाली आहे.

दुर्दैव इतकेच, की आमच्या मंडळाच्या या किश्शांमध्ये काजळी बहुतेक माझ्याच हातची आहे.

आमचे भजनी मंडळ अनसिंगचे. दामोदर पेटीवर, पुंडलिक पखवाजावर आणि वीणा माझ्या गळ्यात. दर गुरुवारी भजन झाले, की मी डोळे मिटून मोठ्याने एक मागणे मागतो. शब्द माझेच आहेत, आणि त्यांचा मला अभिमानही होता. "पांडुरंगा, मला मोठेपण नको. तुझ्या भक्तांच्या पायाखालचे गवत होऊ दे!" मागे बसलेल्या बायकांपैकी एखादी तरी पदराने डोळे पुसते. माझे डोळे मिटलेले असले, तरी ते मला दिसते!

गावातल्या लेकरांना, दुकानांना आणि पिठाच्या गिरण्यांना नाव सुचवण्याचा मानही माझाच. म्हणून शोभा माझ्याकडे आली.

*

शोभा ही दामोदरची सून. वाशीमच्या एका रोपवाटिकेत ती बरीच वर्षे कामाला होती. लॉन लावणे, कापणे, त्याला खतपाणी करणे यात तिचा हात बसला होता. मालकाने रोपवाटिका बंद केली, तेव्हा तिने आणि तिचा नवरा राजू याने स्वतःचाच धंदा काढायचे ठरवले. टेम्पो घरचा होता. गवत कापायचे मशीन घेतले. राहिले होते फक्त नाव.

भजनानंतर तिने ही गोष्ट सांगितली, तेव्हा पुंडलिकाने पखवाजावरचा हातच उचलला.

"गवत वाढवाचे पैसे? अवं शोभा, माह्या वावरात ये! निंदू निंदू बुढीची कंबर गेली, तरी वाढूनच राह्यलं!"

"मामाजी, तुमच्या वावरातलं गवत न बोलावता येते," शोभा म्हणाली. "लोकायले बोलावल्यावर येनारं पाह्यजे!"

पुंडलिक आजवर कोणाला हार गेलेला नाही. त्या दिवशी तो सरळ घरी गेला.

*

पुढची गोष्ट समजण्यासाठी गुलाबरावांना ओळखणे आवश्यक आहे. वाशीमच्या रस्त्याला त्यांचे नवे मंगल कार्यालय उभे राहत होते, आणि त्याच्या समोरचे सगळे मैदान हिरवे करायचे होते. तुळशीच्या लग्नानंतर उद्घाटन. ते काम मिळाले, तर शोभाचा धंदा पायावर उभा राहणार होता. न मिळाले, तर टेम्पो विकून तिला पुन्हा दुसऱ्याच्या रोपांना पाणी घालायला जावे लागणार होते.

गुलाबराव म्हणाले होते, "काम तुलेच देतो बाई. पन पयले चार ठिकानी लॉन करून दाखव, अन् नाव चांगलं ठेव. माह्या गेटवर तुह्या धंद्याचा बोर्ड लागंन!"

मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पांडुरंग लॉन केअर!"

शोभा काहीतरी बोलणार होती. मी म्हणालो, "बाई, देवाचे नाव ठेवल्यावर विचार करायचा नसतो." तिला काय म्हणायचे होते, हे मी विचारले नाही. कोणीच विचारले नाही.

तिचे हात दिवसभर मातीत, म्हणून धंद्याचा फोन घेण्याची सेवा मी मागून घेतली. पहिलाच फोन बँक कॉलनीतून आला.

"पांडुरंग का?"

"नाही हो," मी सद्गदित होऊन म्हणालो, "मी त्यांचा दास."

"मंग तुमीच या, आमच्या अंगनातला पांडुरंग पाहा! तिकडल्या कोपऱ्यातून वाळून राह्यला तो!"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या आठवड्यात पांडुरंगाला मुंग्या लागल्या, पांडुरंगावर कुत्रे लोळले, आणि एका गृहस्थाने तर, "तुमचा पांडुरंग बोगस निघाला!" असे मला स्पष्टच ऐकवले. मी घरी येऊन मूर्तीसमोर नाक घासले.

*

तरीही मी ऐकले नाही. राजूने व्हिजिटिंग कार्डे छापली, आणि शोभाने जिथले लॉन केले होते, अशा एका लग्नात दारात उभा राहून ती वाटली. मीही त्या लग्नाला होतो.

कार्ड हातात घेऊन माणूस काय करतो, हे मला त्या दिवशी कळले. चार पावले चालतो, वाचतो आणि टाकतो. मांडवभर माझ्या देवाचे नाव पसरलेले, आणि त्यावरून वऱ्हाडी बूट घालून चाललेले! मी खाली वाकलो आणि एकेक कार्ड उचलू लागलो.

"बाबा, काही पडलं का?" एका बाईने विचारले.

मी मान डोलावली.

"सोन्याचं होतं का हो?"

मी म्हणालो, "त्याहून मोलाचे."

एवढे बोलायला नको होते! पाच मिनिटांत अर्धे वऱ्हाड गुडघ्यांवर होते. कोणी म्हणाले अंगठी, कोणी म्हणाले मंगळसूत्र. नवरीच्या मामाने जेवणाची पंगत थांबवली. भटजींनी अंतरपाट खाली ठेवला, आणि एका तरुणाने मोबाईलची बॅटरी लावून शोभाने लावलेले कोवळे गवत मुळापर्यंत उकरले.

शेवटी नवरीच्या मामाने माझी मूठ उघडली. आत कार्डे होती.

"ह्या कार्डायसाठी मुहूर्त टळला?" ते म्हणाले.

त्या मांडवातून मी कसा बाहेर पडलो, ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे शोभा एकटी तिथे जाऊन उकरलेले गवत पुन्हा बसवत होती. मला पाहून ती इतकेच म्हणाली, "आबाजी, नाव बदलवा लागते."

*

देवाचे नाव पायदळी येऊ नये, म्हणून मी दुसऱ्या खेपेस रात्रभर विचार करून निर्मळ नाव तयार केले. "सकलसंतकृपाप्रसाद हरिततृणसंवर्धन सेवा."

पेंटरने टेम्पोची लांबी मोजली. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा टेम्पो मोजला.

"आबाजी," तो म्हणाला, "अजून एक गाडी घ्या लागते."

पुंडलिक तिथेच उभा होता. त्याने ते नाव तीनदा वाचले आणि विचारले, "हे म्हनून झाल्यावर प्रसाद भेटते का?"

*

आता वैकुंठाचे. हा किस्सा मी सांगत नाही. तो लोक सांगतात आणि मी जमिनीकडे पाहत राहतो. आज लिहूनच टाकतो.

नाव लहान हवे होते, मंगल हवे होते आणि देवाचे नको होते. माझ्या मनात आले, जिथे हिरवळ आहे, शांती आहे, श्रम संपतात ते ठिकाण म्हणजे वैकुंठ! पेंटरने टेम्पोवर काळ्या रंगात "वैकुंठ" हा शब्द ठळक काढला. "लॉन केअर" खाली बारीक अक्षरांत आले. मीच सांगितले होते, मुख्य शब्द मोठा काढ.

टेम्पो पांढरा, वर गवताच्या गाद्या आणि बाजूला झेंडूची रोपे. राजू तो घेऊन सिव्हिल लाइनमध्ये एका निवृत्त साहेबांच्या दारात उभा राहिला. साहेब बरेच दिवस आजारी होते, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

शेजारची बाई आधी गॅलरीत आली. तिने गाडी पाहिली आणि पदर तोंडाला लावला. मग समोरचे आले, पांढरी टोपी घालून. कोणीतरी जावयाला पुण्याला फोन लावला. कोणीतरी राजूला बाजूला घेऊन विचारले, "किती वाजता काढनार?"

राजू म्हणाला, "आत्ताच काढतो. मंग नवीन टाकतो!"

जमलेल्या बायका रडू लागल्या. इतक्यात दार उघडले आणि साहेब काठी टेकत स्वतः बाहेर आले. त्यांनी जमलेली मंडळी पाहिली, गाडी पाहिली, गाडीवरचे नाव वाचले.

"कोनं बोलावली हे?" त्यांनी विचारले. "अजून चहा बी झाला नाही माहा!"

साहेब मनाने मोठे होते. त्यांनी लॉन करून घेतले, आणि त्यानंतर त्यांची प्रकृतीही सुधारली. पण बातमी गुलाबरावांपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली.

"शोभाबाई, माह्या गेटवर वैकुंठ?" ते फोनवर ओरडले. फोन माझ्याच हातात होता. "नवरदेव घोड्यावरून उतरंन का? तुळशीच्या लग्नापर्यंत मानसातलं नाव सांगा, नाहीतर दुसरा पाह्यतो!"

मी फोन ठेवला. समोर शोभा माती लागलेल्या हातांनी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. पेटी बंद करता करता दामोदर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आबाजी, आता तिचं तिले ठरवू द्या ना जी."

आयुष्यभर नामाचा महिमा गाणाऱ्या माणसाला याहून कमी शब्दांत कोणी खाली बसवले नसेल. त्या गुरुवारी मी वीणा घेतली, पण अभंग दामोदरलाच म्हणू दिले. मागणे मात्र सवयीने मागितले. मागे शोभा बसली होती. ती डोळे पुसत नव्हती. माझ्याकडे टक लावून पाहत होती.

*

तुळशीचे लग्न झाले. गुलाबरावांचे मैदान इतके हिरवे झाले होते, की गाई फाटकाशी येऊन उभ्या राहत. उद्घाटनाला आमच्या मंडळाचे भजन ठेवले होते. मी गळ्यात वीणा घालून गेटपाशी पोचलो आणि तिथेच थांबलो.

गेटवर हिरवा बोर्ड होता. "आबाजी लॉन केअर." गवताच्या कडेकडेनेही छोट्या पाट्या रोवल्या होत्या, आणि प्रत्येक पाटीवर माझे नाव.

"शोभा!" माझा आवाज चढला. "हे काय? मला न विचारता? माझे नाव असे पायाखाली? आत्ताच्या आत्ता काढ तो बोर्ड!"

ती पदर खोचून उभी राहिली. चार पाहुणे थांबून ऐकत होते.

"काढून टाकू जी आबाजी," ती शांतपणे म्हणाली. "पन मंग गुरुवारी मागनं दुसरं मागा लागते!"

पुंडलिकाचा पखवाज खांद्यावरून घसरला. दामोदर पेटीच्या मागे तोंड लपवून हसत होता. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि वीणा फार जड झाली होती.

एवढ्यात गुलाबरावांनी माईक हातात घेतला.

"समद्या पाहुण्यायले विनंती! चपला भायेर काढा, अन् आबाजीवर आरामात बसून घ्या! घाबरू नका, मोकळ्यानं पाय पसरा!"

पाचशे माणसे आत शिरली. लेकरे लोळू लागली. केनवडकडची एक म्हातारी, टाचांना भेगा पडलेली, नातीचा हात धरून कडेला आली. तिने आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. मग जागच्या जागीच दोन-चार वेळा पाय दाबून पाहिले.

"अवं माय!" ती नातीला म्हणाली. "किती मऊ हाय वं आबाजी!"